बोंबल्या विठोबाची जत्रा आणि म्युनिकचा मेळा

आम्ही खालापूर तालुक्यातल्या कुंभिवलीच्या बचत गटाच्या बायका. आज आम्ही जत्रेविषयी बोलणार आहोत. भात अजून शेतात उभं आहे, कापणीला वेळ आहे, मग आत्ताच जत्रा कुठून आली, असं तुम्हाला वाटेल. पण जत्रेला जायचं तर आधी ठरवावं लागतं, आणि बायकांना तर जरा जास्तच आधी ठरवावं लागतं. हे ठरवता ठरवता आम्ही थोडा इतिहासही वाचला. तोच आज सांगतो.

सुरुवात झाली गेल्या महिन्याच्या बैठकीत. हप्ते गोळा झाले, वही लिहून झाली आणि आमच्यातल्या एका ताईंनी मोबाइल पुढे केला. त्यांचा भाचा जर्मनीत म्युनिक शहरात कामाला आहे. त्यानं तिथल्या मोठ्या मेळ्याचे फोटो पाठवले होते. मोठाले मंडप, लांबच लांब बाकं, आकाशपाळणे, आणि दोन्ही हातांत बिअरचे काचेचे मग घेऊन चाललेल्या बायका. खाली लिहिलं होतं, "मावशी, पुढच्या वर्षी इकडे या." बायका हसून हसून बेजार झाल्या. विमानाचं तिकीट किती, पासपोर्टला काय लागतं, तिकडे भाकरी मिळेल का, सगळं विचारून झालं. मग एका काकूंनी विचारलं, "अगं, जर्मनीचं राहू दे. साजगावच्या जत्रेला आपल्यातल्या किती जणी गेल्यात?"

आम्ही बारा जणी होतो. लग्न झाल्यापासून साजगावची जत्रा पाहिलेल्या फक्त चौघी निघाल्या. काकूंचं अर्धं आयुष्य याच तालुक्यात गेलं. त्या एकदाच गेल्या होत्या, तेही लहानपणी, वडिलांच्या खांद्यावर बसून. पुढे काय झालं ते त्यांच्याच शब्दांत सांगतो: "माणसं जायची. आम्ही वाट बघायचो. कधी पिशवीत बोंबील यायचे, कधी पिशवी रिकामी आणि माणूस भरलेला." यावर कुणी हसलं नाही.

त्याच बैठकीत ठरलं, या कार्तिकात आपण बारा जणींनी साजगावला जायचं. मात्र त्याआधी दोन्ही जत्रा कशा उभ्या राहिल्या ते समजून घेऊ म्हटलं. आधी म्युनिकचं सांगतो, कारण चर्चा तिथूनच निघाली.

तो मेळा आज बिअरसाठी जगभर प्रसिद्ध आहे, पण सुरू झाला तो एका लग्नामुळे. १२ ऑक्टोबर १८१० रोजी बव्हेरिया राज्याचा युवराज लुडविग याचं लग्न तेरेझे नावाच्या राजकन्येशी झालं. त्या आनंदात काही दिवस सगळ्या शहराला सण होता आणि शेवटी शहराबाहेरच्या कुरणावर घोड्यांची शर्यत झाली. त्या कुरणाला नवरीचं नाव मिळालं, ते आजही तिच्याच नावानं ओळखलं जातं. शर्यत लोकांना आवडली म्हणून दुसऱ्या वर्षी पुन्हा भरली आणि तिला शेतीचं प्रदर्शन जोडलं गेलं, म्हणजे चांगली जनावरं, चांगलं पीक. १८१८ साली तिथं पहिला फिरता पाळणा आणि झोपाळे आले. आपल्याकडे पेशवाई बुडाली ते हेच साल. बिअर सुरुवातीला लहान टपऱ्यांवर मिळायची. मोठे मंडप पुढे कित्येक वर्षांनी आले. आज शर्यत बंद झाली आहे, बिअर मात्र मेळ्याची ओळख होऊन बसली आहे.

शरद ऋतूत बिअर कशी काय, यालाही जुनं कारण आहे. उन्हाळ्यात बिअर नासायची आणि भट्टीमुळे आगी लागायच्या. म्हणून १५५३ साली तिथल्या राजानं हुकूम काढला की २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर गाळायची नाही. मग लोक मार्चमध्ये जरा कडक बिअर करून थंड तळघरांत साठवायचे आणि नवीन हंगाम सुरू होण्याआधी जुनी पिंपं रिकामी करायचे. आपण पावसाळ्याआधी आगोटीचं सामान भरतो, त्यातलाच हा प्रकार. मेळा नावानं ऑक्टोबरचा असला तरी थंडीमुळे १८७२ पासून तो सप्टेंबरात सुरू होतो. कुणाला खरंच जायचं असेल तर सांगून ठेवतो: मेळा साधारण १५ सप्टेंबरनंतरच्या शनिवारी दुपारी १२ वाजता उघडतो. शहराचा महापौर पहिल्या पिंपाला तोटी ठोकतो, त्याशिवाय कुणालाही बिअर वाढत नाहीत. आत जायला तिकीट नाही. मंडपात जागा मात्र बरेच जण महिनोन् महिने आधी राखून ठेवतात. मंगळवारी घरच्या मंडळींसाठी पाळण्यांचे दर कमी असतात. आणि एका मगाची किंमत अलीकडे १४ युरोंच्याही वर गेली आहे, म्हणजे आपले हजार रुपये एका मगाला सहज गेले.

एक गोष्ट आम्हाला फार आवडली. तो मग एक लिटरचा असतो आणि काचेवर मापाची रेघ असते. मंडपात घाईगर्दीत फेस जास्त आणि बिअर कमी द्यायचे. म्हणून कमी भरून फसवणाऱ्यांच्या विरोधात म्युनिकच्या लोकांनी १८९९ साली चक्क संघटना काढली. आमच्या एका ताई म्हणाल्या, "म्हणजे तिकडेही माप मारतात!" जत्रा कुठलीही असो, माप बघून घ्यावं लागतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आणि त्या फोटोतल्या बायका. भरलेला एक मग दोन किलोंहून जास्त भरतो. अशा दहा मगांचं ओझं हातांत धरून त्या गर्दीतून दिवसभर चालतात. डोईवर दोन हंडे घेऊन चढ चढलेल्या बाईला त्याचं वजन सांगावं लागत नाही. लोकांची ती मौज असते, त्यांची ती पाळी असते.

आता आपल्या साजगावकडे येऊ. खोपोलीजवळ साजगाव-ताकई इथं विठ्ठलाचं देऊळ आहे. लोक त्याला धाकटी पंढरी म्हणतात. कार्तिकातल्या एकादशीपासून तिथं मोठी जत्रा भरते, ती पंधरवडाभर चालते. आणि या विठोबाचं नाव काय, तर बोंबल्या विठोबा! कारण देवाच्या जत्रेत सुक्या मासळीचा बाजार भरतो. बोंबील, सुकट, सोडे, वाकट्या, बांगडे, यांचे ढीगच्या ढीग. वारकऱ्यांचा देव, माळ घातलेल्यांचा देव, आणि त्याच्या आवारात बोंबील. बाहेरच्या माणसाला हे कोडं वाटतं. समुद्र इथून कितीतरी लांब आहे. मग हा बाजार इथं का?

उत्तर डोंगराकडे पाहिलं की मिळतं. खोपोली बोरघाटाच्या पायथ्याशी आहे. किनाऱ्यावरून मीठ आणि सुकी मासळी वर जायची, देशावरून मिरची, धान्य, घोंगड्या खाली यायच्या. घाट चढण्याआधी आणि उतरल्यावर माणसं आणि बैल थांबणार ते पायथ्यालाच. जिथं दोन्हीकडचा माल थांबतो तिथं बाजार भरतो, आणि बाजाराजवळ देऊळ असलं की त्याची जत्रा होते. तुकाराम महाराजांच्या चरित्रकथांमध्ये ते मिरच्या विकायला कोकणात उतरले होते असं येतं. भोळे असल्यामुळे लोकांनी उधारीवर माल नेला आणि ती वसुली देवानंच माणसाचं रूप घेऊन केली. साजगावच्या देवळाशी लोक हीच कथा जोडतात. कथा म्हणून ऐकली तरी तिच्यात या भागाचा इतिहास आहे: वरून मिरची आली, खालून मासळी आली. आणि आम्हाला बचत गटवाल्यांना तर तुकोबा जवळचेच. घरात सावकारी, त्यात दुष्काळ, आणि वाटणीत आपल्या हिश्शाला आलेली कर्जखतं त्यांनी इंद्रायणीत बुडवली असं सांगतात. उधारीनं माणसाचं काय होतं, ते त्यांना पुरतं ठाऊक होतं.

गंमत म्हणजे म्युनिकही अशाच वाटेवर वसलं. ११५८ च्या सुमारास तिथल्या एका सरदारानं बिशपचा जकातीचा पूल मोडला आणि मिठाची वाट आपल्या पुलावरून वळवली. त्या पुलाशी जो बाजार वाढला त्याचं पुढे म्युनिक झालं. तिथं नदीवरचा पूल, इथं घाटाचा पायथा. मीठ दोन्हीकडे.

आपल्या घाटाची वाट पुढे बदलत गेली. १८३० साली गव्हर्नर माल्कमच्या काळात बोरघाटात गाडीरस्ता खुला झाला. १८५६ साली आगगाडी खोपोलीपर्यंत आली. १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली, पण मधला घाट प्रवाशांना पालखीतून, तट्टावरून किंवा पायीच ओलांडावा लागायचा. घाटातला लोहमार्ग १८६३ साली पुरा झाला. या कामाचा ठेका सॉलोमन ट्रेडवेल नावाच्या इंग्रजाकडे १८५९ मध्ये आला आणि इथं आल्यावर थोड्याच दिवसांत तो आजारानं गेला. त्याची बायको अ‍ॅलिस हिनं ठेका सोडला नाही. तिनं जाणकार माणसं नेमून काम पुढे नेलं. १८६१ च्या सुमाराला या घाटात ४० हजारांहून जास्त मजूर राबत होते. कॉलरा आणि अपघातांत त्यांतले किती तरी मेले. अ‍ॅलिसचं नाव तरी कागदावर राहिलं. डोईवर दगड-माती वाहणाऱ्या आपल्याकडच्या बायकांची नावं कुठेच लिहिलेली नाहीत.

लोहमार्ग पळसधरीवरून वर गेला, खोपोली फाट्यावर राहिली. मग ट्रक आले, द्रुतगती मार्ग आला. आता मासळी टेम्पोतून थेट पुण्याला जाते. म्हणजे पायथ्याशी थांबायचं जुनं कारण संपलं. तरी जत्रा भरते, कारण तोवर लोकांना सवय लागलेली असते. कार्तिकात भात घरात आलेलं असतं, हातात चार पैसे असतात, आणि पावसाळ्यानंतर नव्या हंगामाचे बोंबील वाळून तयार असतात. गावागावांतून, ठाकर-कातकरी वाड्यांतून माणसं येतात, वर्षाची बेगमी करतात. तिकडे पीक निघाल्यावर पिंपं रिकामी होतात, इकडे पिशव्या भरतात.

इथवर सांगून झालं आणि आमच्या बैठकीत एक ताई उठल्या. म्हणाल्या, "त्या जर्मनीच्या मेळ्याचं कौतुक रेडिओवर नको. आमच्या घरात दारूनं काय केलं ते तुम्हाला माहीत आहे." आम्हाला माहीत होतं. थोडा वेळ सगळ्या गप्प बसल्या. मग ठरलं की सोडून देण्यापेक्षा तेही बोलायचं.

मोहाची फुलं आपल्या भागातल्या वाड्यांवर पिढ्यान् पिढ्या वेचली जातात. ती खाल्लीही जायची आणि सणावाराला गाळलीही जायची. इंग्रज सरकारनं १८७८ चा अबकारी कायदा केला. घरची गाळप गुन्हा ठरली, आणि परवाना व ठेका घेणाऱ्याच्याच दारूला परवानगी राहिली, कारण तिच्यावर कर मिळत होता. तरी लोक फुलं वेचतच होते. म्हणून १८९२ मध्ये खास मोहाच्या फुलांसाठी कायदा आला आणि तो ठाणे व कुलाबा जिल्ह्यांना लावला. कुलाबा म्हणजे आजचा आपला रायगड. झाडाखाली पडलेल्या फुलांचा साठा करणं, ती विकणं, यावरही निर्बंध आले. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा दारूबंदी कायदा झाला, पुढे परवान्यांची दुकानं आली.

बव्हेरियातही राजाला बिअरवर कर हवाच होता. पण तिथं १५१६ सालीच बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी यांशिवाय काही घालायचं नाही असा नियम झाला आणि भावही बांधून दिले. आजही त्या मेळ्यात म्युनिक शहरातल्या सहाच भट्ट्यांची बिअर चालते. म्हणजे काय गाळलं, किती दिलं, कितीला दिलं, हे सगळं उघड्यावर. आपल्याकडे सणाची गोष्ट झुडपाआड गेली. तिच्यात काय मिसळलंय हे पिणाऱ्यालाही कळेना आणि पैसा किती गेला हे घरच्या बाईला कळेना. आम्ही असं म्हणत नाही की तिकडे दारूनं कुणाचं घर मोडत नाही. तिकडेही मंडपाबाहेर झिंगून पडलेले असतातच. आम्हाला एवढंच दिसलं की इकडे कायदा करताना कर मोजला गेला, घर मोजलं गेलं नाही. ते मोजण्याचा हक्क बायकांना फार उशिरा मिळाला. आज गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीला मत दिलं तर परवान्याचं दुकान बंद होतं. ताईंना हे बोललेलं चाललं. त्या म्हणाल्या, "असं असेल तर सांगा."

आता आमचा बेत सांगतो. तुमच्या गटालाही उपयोगी पडेल.

पहिला वाद पैशांवरून झाला. एक धाकटी म्हणाली, गटाच्या शिलकेतून खर्च करू. आम्ही नाही म्हटलं. शिल्लक सगळ्यांच्या अडीअडचणीसाठी आहे आणि बँकेचं कर्ज धंद्यासाठी आहे. म्हणून चार महिन्यांपूर्वी ज्या जास्तीच्या ५० रुपयांची सुरुवात दिवाळीसाठी केली होती, तेच इकडे वळवले. एकीचे २०० प्रमाणे १२ जणींचे २,४०० रुपये. त्यातले १,२०० गाडीला, प्रत्येकी ६० प्रमाणे ७२० चहा-नाश्त्याला, आणि प्रत्येकी ४० प्रमाणे ४८० रुपये पाळण्याला. बांगड्या ज्याच्या त्याच्या पर्समधून.

दुसरं मासळीचं. बोंबील आणि सुकट बाराही जणी मिळून एकत्र घेणार आहोत. त्यासाठी प्रत्येकीनं आपलं नाव आणि किती किलो ते आधी लिहून द्यायचं. एकत्र घेतलं की भाव सुटतो. सोबत आपला ताणकाटा न्यायचा. मासळी हाताला कोरडी लागते का, मोडते का, आत ओल आहे का, हे बघणारी एक जाणकार बाई पुढे राहील. विकणाऱ्या बऱ्याचशा आपल्यासारख्याच बायका असतात, किनाऱ्यावरून ओझी घेऊन आलेल्या. घासाघीस करायची, पण त्यांच्या कष्टाचं माप आपणही मारायचं नाही.

तिसरं, दिवस. पंचांग बघून एकादशीनंतरचा, गर्दी जरा ओसरलेला, कामाचा दिवस धरायचा. सकाळी स्वयंपाक करून आठला निघायचं, दिवेलागणीआधी घरी. गाडीवाला न पिणारा हवा, हे आधी विचारून घ्यायचं. कर्जतकडच्या बहिणींना खोपोली लोकल सोयीची आहे: पळसधरी, केळवली, डोळवली, लौजी, मग खोपोली. लहान मुलांच्या खिशात नाव आणि मोबाइल नंबराची चिठ्ठी ठेवा.

शेवटचा वाद सगळ्यांत मोठा होता, तो ठरावाच्या वहीत काय लिहायचं यावर. सचिव ताईंनी लिहिलं, "देवदर्शन व बाजारहाट." ते पटण्यासारखं होतं. दोघींच्या घरून "जत्रेला कशाला?" असं आलंच होतं. देवाचं नाव घेतलं तर कुणी अडवत नाही, बाजाराचं घेतलं तर निदान कारण कळतं. पण काकू म्हणाल्या, "मला पाळण्यात बसायचंय. ते लिहा."

कुणी म्हणालं, वहीत मौज लिहिली तर बँकेचे साहेब काय म्हणतील. मग आम्ही एकमेकींना सांगितलं, पैसा आपला जादा जमवलेला आहे, हिशेब स्वच्छ आहे. आणि इतिहासात तरी काय दिसतं? म्युनिकचा मेळा लग्नाच्या आनंदात सुरू झाला, त्याला शेती जोडली, पाळणा जोडला. साजगावला देव, बोंबील आणि पाळणा एकाच मैदानात नांदतात. पुरुष मंडळी जत्रेला निघाली तेव्हा कुणी त्यांना कारण विचारून वहीत लिहून घेतलं नाही. मग आपणच मौज का लपवायची?

वहीत आता असं लिहिलं आहे: "साजगाव जत्रा – दर्शन, सुकी मासळी खरेदी व सहल. सर्वानुमते मंजूर." खाली बारा सह्या आहेत. काकूंनी अंगठा नाही उठवला, गेल्या वर्षी शिकलेली सही केली. ज्या दोघींच्या घरून नकार आहे त्यांच्याकडे येत्या रविवारी आम्ही चौघी जाऊन बसणार आहोत, चहाला म्हणून. सोबत वहीही नेणार आहोत.

तुमच्या गटातही विचारून बघा, जवळची जत्रा किती जणींनी पाहिली आहे. आणि साजगावला आलात तर मासळीच्या रांगेत ताणकाटा घेतलेल्या बारा बायका दिसतील, त्या आम्ही. हाक मारा.